बाहुलीमागचे हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला येथे चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हणाले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापलीकडे चारचौघींत बोलण्याचा प्रसंग आला नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या गौरीपुढची जात्यावरची बाई आळीतल्या सगळ्यांनी येऊन पाहिली. ती कशी केली तेवढे सांगा, भाषण आपोआप होईल." म्हणून उभी राहिले आहे. चुकले माकले तर सांभाळून घ्यावे.

तेव्हा विषय बाहुल्यांचा. भातुकलीतल्या नव्हेत, तर हलणाऱ्या आणि बोलणाऱ्या बाहुल्यांचा. आणि त्या घडविणाऱ्या एका जोडप्याचा.

आपल्यापैकी बहुतेकींनी 'झपाटलेला' हा सिनेमा पाहिला असेल. १९९३ साली महेश कोठारे यांनी तो काढला. मी तेव्हा शाळेत होते. त्यातल्या तात्या विंचूला भिऊन आम्ही बहिणी कित्येक रात्री दिवा लावून निजत होतो. तो तात्या विंचू म्हणजे एक बाहुला. तो घडविला आणि हलविला रामदास पाध्ये यांनी. अर्धवटराव आणि आवडाबाई हे भांडखोर जोडपे तर त्याच्याही आधीपासून घरोघरी ठाऊक होते. अर्धवटराव हा रामदासांच्या वडिलांचा, म्हणजे यशवंत केशव पाध्ये यांचा बाहुला. आपल्याकडे ही बोलक्या बाहुल्यांची कला आरंभी ज्यांनी रुजविली त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. रामदास स्वतः शिकले यंत्रांचे इंजिनियरिंग, आणि १९६७ साली बाहुला घेऊन रंगमंचावर उभे राहिले. त्यांच्या पत्नी अपर्णाताई या घरात आल्या आणि त्यांनीही ही कला आत्मसात केली. केवळ पडद्यामागे राहून सुईदोरा पुरविण्याचे काम त्यांनी पत्करले नाही. बाहुली हातावर घेऊन त्या स्वतः लोकांपुढे उभ्या राहिल्या. आपल्या देशात या कलेत बायका विरळाच, म्हणून त्याचे मोल अधिक. पुढे त्यांचा मुलगा सत्यजित हिशेबतपासनीसाची, म्हणजे सी.ए.ची परीक्षा देऊनही याच कलेकडे वळला. आजोबा, वडील, आई, मुलगा अशी ही परंपरा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता, बाहुली बोलते म्हणजे काय होते? लहानपणी मला वाटे की हे लोक पोटातून बोलतात. इंग्रजीत या कलेला जे नाव आहे तेही 'पोटातून बोलणे' अशा अर्थाच्या जुन्या शब्दांवरून आले आहे. पण पोटात कोणी बोलत नाही. आवाज निघतो तो गळ्यातूनच. ओठ मात्र हलू द्यायचे नाहीत, आतल्या आत जिभेने काम भागवायचे. आणि त्याच क्षणी बाहुलीचे तोंड उघडायचे. आपला कान भोळा असतो. आवाज आला की तो कोणाचे तोंड हलते आहे ते डोळ्याला विचारतो, आणि डोळा जिकडे बोट दाखवील तिकडून आवाज आला असे मानतो. म्हणून आपल्याकडे या कलेला 'शब्दभ्रम' हे नाव पडले ते फारच योग्य आहे.

आता सर्वजणींनी एक गंमत करून पाहावी. दात किंचित विलग ठेवा, ओठ मुळीच हलवू नका, आणि "आई" म्हणा. आले ना? आता "बाबा" म्हणा. नाही येत! कारण प, फ, ब, भ, म ही अक्षरे दोन्ही ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. शब्दभ्रम करणाऱ्याला ही अक्षरे फार छळतात. तो त्यांच्या जागी जवळचे दुसरे अक्षर जिभेने इतक्या सफाईने काढतो की ऐकणाराच ते मनात दुरुस्त करून घेतो. आता "तात्या" म्हणून पाहा, किती सहज येते! "अर्धवटराव" म्हणतानाही दोन ओठ कोठे भेटत नाहीत. 'व'ला खालचा ओठ दाताला जरासा लागतो, एवढेच. "आवडाबाई" म्हणताना मात्र मध्येच 'बा' आडवा येतो. नावे ठेवताना कोणी हा विचार केला होता की नाही, मला सांगता येणार नाही. पण करून पाहिल्यावर मला मोठी मौज वाटली. आमच्या घरी दोन दिवस सगळे ओठ न हलविता बोलत होते आणि भाजीत मीठ किती घालायचे याचा घोटाळा झाला.

बाहुलीच्या आतली रचनाही ऐकण्यासारखी आहे. अशा बाहुल्याचे धड पोकळ असते. डोके एका दांडीवर बसविलेले असते आणि ती दांडी धडात खाली उतरते. पाठीला भोक ठेवून त्यातून माणूस हात घालतो. खालचा जबडा वेगळा करून एका आडव्या खिळ्यावर झुलता ठेवलेला असतो. त्याला दोरी, दोरीला दांडीवरची कळ. बोटाने कळ ओढली की जबडा खाली येतो, सोडली की स्प्रिंग किंवा रबर त्याला परत वर नेते. डोळे दोन असले तरी आतून एकाच तारेने जोडलेले, म्हणजे ते दोन्ही एकाच बाजूला वळतात. प्रत्येक अक्षराला एकदा तोंड उघडायचे, ताल चुकवायचा नाही. अक्षर पुढे गेले आणि जबडा मागे राहिला की जादू संपली, आणि उरले फक्त लाकूड.

आमचे हे पंखे-मिक्सर दुरुस्त करतात. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "यात यंत्र अगदी साधे आहे, अवघड आहे तो हात." मला ते पटले.

आणखी एक बाहुला तुम्ही पाहिला आहे, पण तो पाध्यांचा आहे हे कदाचित ठाऊक नसेल. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला हसरा ससा! ते पापडाचे काम १९५९ साली मुंबईला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर सुरू केले होते. त्यांच्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना पुढे २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनाही पद्मश्री मिळाली. ठाकर समाजाच्या कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांची कला त्यांनी जिवापाड जपली. एकीकडे पापड लाटणारे हात, दुसरीकडे बाहुली नाचविणारे हात. सरकारदरबारी दोहोंचा मान एकाच वर्षी झाला, हे मला फार आवडले.

असे जोडपे परदेशातही होऊन गेले. माझ्या मुलीने फोनवर त्यांची चित्रे दाखविली म्हणून मला समजले. नवरा ज्याँ तँग्ली, स्वित्झर्लंडचा; बायको निकी द सँ फाल, जन्माने फ्रान्सची. तो जुने लोखंड, चाके, पट्टे, मोटारी गोळा करून यंत्रे करी. ती यंत्रे फिरत, खडखडत, नाचत, पण त्यांतून पीठ दळून निघत नसे की कापड विणले जात नसे. ती नुसती गंमत! १९६० साली न्यूयॉर्कला त्याने असे एक मोठे यंत्र केले की ते लोकांसमोर आपले आपणच मोडून पडावे, आणि त्याला आग लागून ते विझविण्याची पाळी आली. बायको करी मोठमोठ्या गलेलठ्ठ, रंगीबेरंगी, नाचणाऱ्या बायकांच्या मूर्ती. अंग चोरून उभी असलेली त्यांत एकही नाही. दोघांनी मिळून १९८३ साली पॅरिसला एक कारंजे उभे केले. एका मोठ्या संगीतकाराच्या स्मरणार्थ पाण्यात सोळा आकृत्या आहेत. काळ्या लोखंडी यंत्राच्या त्याच्या, रंगीत त्या तिच्या, आणि सगळ्या मिळून पाणी उडवीत फिरतात.

पुढे निकीबाईंनी इटलीत डोंगराळ जागी एक मोठी बाग केली. तिच्यात बावीस पात्रे आहेत, काही तर घराएवढी. एका मूर्तीच्या पोटात त्या स्वतः राहत असत. ती बाग १९९८ साली लोकांसाठी खुली झाली. त्या मूर्तींच्या आतला लोखंडी सांगाडा जोडण्याचे काम त्यांच्या यजमानांनी केले. म्हणजे बाहेरून दिसते ती बायकोची मूर्ती, आणि आत न दिसणारे काम नवऱ्याचे! १९९१ साली ते वारले. त्यानंतर निकीबाईंनी त्यांची कितीतरी यंत्रे बाझेल गावी होणाऱ्या संग्रहालयाला देऊन टाकली, आणि १९९६ साली ते संग्रहालय त्यांच्या नावाने उघडले. त्या बाईंच्या फुफ्फुसांना मात्र मूर्ती करताना वापरलेल्या रसायनांच्या धुराने कायमची इजा झाली. आपणही रंग, सरस, गरम तार अशी कामे करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. २०१८ साली आपल्या राज्यात थर्मोकोलवर बंदी आली ते एका परीने बरेच झाले. पुठ्ठा आणि कागद हे आपले जुने सोबती परत आले.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी मोठ्यांची गोष्ट; आपण कसब्यातल्या साध्या बायका, आपला याच्याशी काय संबंध? मैत्रिणींनो, संबंध आहे. आपण दर भाद्रपदात काय करतो ते आठवा. गौरीचा मुखवटा तेवढा तयार असतो. बाकीची गौर कोण करते? लोखंडी अडणी नाहीतर डबा ठेवायचा, त्यात धान्य भरायचे म्हणजे तोल राहतो. खांदे बांधायचे, हात बसवायचे, आणि मग नऊवारीच्या निऱ्या अशा घालायच्या की आत डबा आहे हे कोणाला खरे वाटू नये. एका रात्रीत आपण माणसाएवढी मूर्ती उभी करतो, आणि तिसऱ्या दिवशी उतरवून ठेवतो. हे काम कोणी कलाशाळेत जाऊन शिकले नाही. सासूने सुनेला दाखविले, सुनेने लेकीला. आपण मूर्तिकारच आहोत. फक्त आपल्याला तसे कोणी म्हटले नाही, आणि आपणही म्हणून घेतले नाही.

आता माझ्या जात्यावरच्या बाईकडे येते. आपल्या भागात गणपतीचे हलते देखावे म्हणजे काही नवल नव्हे. कसबा गणपती हा पहिल्या मानाचा. तेथे दर्शन घेऊन पुढे देखावे पाहत हिंडण्यात आपले बालपण गेले. मला वाटले, गौरीपुढे आपणही एक लहानसा हलता देखावा करावा. पौराणिक नको, आपल्याच आयुष्यातला. जात्यावर दळणारी बाई करायची ठरले.

डोके केले जुन्या बल्बवर कागदाचे थर चिकटवून. खळीत मेथीची पूड घातली म्हणजे चिकटपणा येतो आणि कीडही कमी लागते. अंग तारेचे, त्यावर कापूस आणि चिंध्या. जाते पुठ्ठ्याचे. मोटर ह्यांनी दिली. कूलरच्या पट्ट्या डावीउजवीकडे हलविणारी जी लहानशी मोटर असते, ती मिनिटाला थोडेच फेरे घेते. पंख्याची मोटर येथे चालत नाही, बाईचे हात तुटून जातील. सायकलच्या चाकाची तार जुन्या बाजारातून आणली.

मी समजत होते की मोटर बाईच्या पाठीत बसवायची आणि बाईने जाते फिरवायचे. हे हसले. म्हणाले, "तसे करायचे म्हणजे खांदा, कोपर, मनगट सगळ्यांना वेगळी कळ लागेल. मोटर जात्याखाली बसवू. जाते फिरेल, खुंट्याला बाईचे हात बांधू, हात सैल ठेवू, म्हणजे ते खुंट्याबरोबर आपोआप फिरतील." तसेच केले. म्हणजे पाहणाऱ्याला वाटते की बाई जाते फिरवते आहे. खरे पाहता जातेच बाईला फिरवीत असते. हे सांगितल्यावर आमच्या शेजारच्या काकू पटकन म्हणाल्या, "अगं, यात नवीन ते काय? आमचा सगळा जन्म तसाच गेला!" आम्ही सगळ्या खूप हसलो, आणि मग जरा वेळ कोणीच बोलले नाही.

पण पहिल्या दिवशी ती बाई चालली नाही. हात घट्ट शिवले होते म्हणून जात्याने तिला ओढून पाडले. हात सैल केले तर कोपर आत दुमडून तिच्याच पोटाला लागू लागले. आठ दिवस हे रात्री दुकान बंद करून आले की तारा कापायचे आणि वाकवायचे. शेवटी मी आमच्या आत्याबाईंकडे गेले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या माळ्यावरचे खरे जाते खाली काढले, आणि मी दळायला बसले. आत्याबाई म्हणाल्या, "अशी काय मांडी घालून बसलीस? एक पाय पसर, एक दुमड." तशी बसले, आणि चार फेऱ्यांत कळले. खुंटा लांब गेला की आपण कमरेतून पुढे वाकतो, जवळ आला की मागे येतो. दळते ती कंबर. हात नुसते धरून असतात. घरी येऊन मी बाईची कंबर कापली, मध्ये जुन्या पेनातली स्प्रिंग घातली, आणि एक पाय पसरून तिला बसविली. बटण दाबले. बाई पुढे झुकली, मागे आली, पुन्हा झुकली. जणू काही आमच्या आजेसासूबाईच पहाटे दळायला बसल्या आहेत असे वाटले. ह्यांनी काही न बोलता दोनदा बटण बंद करून पुन्हा चालू केले. इतके त्यांना ते आवडले.

गौरी आल्या. तीन दिवस घरात माणसांची रीघ. जो तो म्हणे, "वा! भाऊजींनी काय डोके चालवले आहे!" आणि मी, कुंकवाची कोयरी हातात घेऊन, प्रत्येकीला म्हणत होते, "हो ना, सगळे ह्यांनीच केले. मी आपली नुसती मदत."

रात्री मुलीने मला विचारले, "आई, कंबर तू केलीस, डोके तू केलेस, लुगडे तू शिवलेस. मग असे का म्हणालीस?" मला उत्तर देता येईना. हे म्हणाले, "अगं, मी आठ दिवस चुकतच होतो. मी ते लोकांना सांगायला हवे होते. पण मला कोणी विचारलेच नाही, आणि तू तर माझ्याआधीच बोलून टाकत होतीस." खरेच होते. माझ्यावर कोणी अन्याय केला नव्हता. माझे तोंड हलले होते. पण शब्द माझा नव्हता. आई, आजी, मावशी, सगळ्या जन्मभर जे बोलत आल्या तेच माझ्या तोंडून निघाले. बोलक्या बाहुलीची कळ दुसऱ्याच्या हातात असते असे मी इतका वेळ तुम्हाला सांगितले. पण त्या दिवशी बाहुली मीच होते.

मग मला जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी एका उत्सव मंडळाच्या हलत्या देखाव्यासाठी आम्ही अकरा बायकांनी महिनाभर कपडे शिवले होते. रात्री अकरापर्यंत जिन्यात बसून दागिन्यांना टिकल्या लावल्या. देखाव्याला बक्षीस मिळाले. बाहेर फलक लागला. त्यावर कल्पना कोणाची, रंग कोणाचे, वीज कोणाची, सारी नावे होती. आमच्यापैकी एकीचेही नव्हते. आम्ही घरोघरी कुरकुरलो. पण जाऊन "आमची नावे राहिली" असे एकीनेही सांगितले नाही. ज्यांनी फलक लिहिला त्यांची चूक होतीच. पण मुक्या राहिलो त्या आम्हीच.

एका वडीलधाऱ्या बाईंना मी हे बोलून दाखविले, तेव्हा त्या म्हणाल्या, "देवाच्या कामात नाव कशाला हवे गं? सेवा ती सेवा." त्यांचे म्हणणे मी उडवून लावीत नाही. मलाही तसेच शिकविले आहे. देवाला नाव नको, हे खरे. आपल्या मिरवण्यासाठीही नको. पण मला वाटते, ते आपल्या लेकींसाठी हवे. त्याचे कारण सांगते.

माझ्या सासूबाई चिंध्यांची बाहुली करीत. ती एका दोऱ्याने मान हलवी. दोरा पाठीत कोठून तरी जाई, आणि ओढला की बाहुली "हो" म्हणे, सोडला की पुन्हा मान खाली. आमच्या मुलीच्या पाळण्यावर ती टांगलेली असे. सासूबाईंना जाऊन आता सहा वर्षे झाली. ती बाहुली विटली, उसवली, आणि दुरुस्त करावी म्हणून मी उघडली तेव्हा आतला दोरा तुटलेला होता. तो कसा ओवला होता, गाठ कोठे होती, मला काही केल्या उमगले नाही. ह्यांनीही प्रयत्न केला. वीस वर्षे मी त्यांच्याजवळ राहिले, पुरणपोळी शिकले, चकलीची भाजणी शिकले, पण "आई, ही बाहुली कशी केलीत?" असे एकदाही विचारले नाही. कारण ती कला आहे असे मला वाटलेच नव्हते. 'सासूबाईंचा रिकामा उद्योग' एवढेच आम्ही तिला म्हणत होतो.

आता पाध्यांच्या घराकडे पाहा. वडिलांचा बाहुला मुलाने हातात घेतला, सुनेने कला शिकून घेतली, नातवाने पुढे नेली. ही कला टिकली, कारण त्या घरात तिला कला म्हणत होते. कोणी केली हे माहीत होते, म्हणून कोणाला विचारायचे हेही माहीत होते. आमच्या घरातली कला एका तुटक्या दोऱ्याबरोबर गेली. नावाचा उपयोग तो हा. नाव लिहिलेले असले म्हणजे पुढची मुलगी त्या दारात जाऊन विचारू शकते, "काकू, हे कसे केलेत?"

म्हणून आजच्या दिवशी माझी मंडळापुढे एक साधी विनंती आहे. यंदा आपण गौरीच्या आराशींचे जे प्रदर्शन भरवू, त्यात प्रत्येक आराशीपुढे एक चिठ्ठी असावी. 'अमुक यांच्या घरची आरास' एवढेच नको. मुखवटा कोणी रंगविला, निऱ्या कोणी घातल्या, पुठ्ठा कोणी कापला, मोटर कोणी जोडली, सर्वांची नावे असावीत. पुरुषांचीही असावीत, आमच्या ह्यांचे तर हवेच, कारण मोटर जात्याखाली बसवायची युक्ती त्यांचीच. आणि या स्मरणिकेत देणगीदारांची नावे जशी पहिल्या पानावर येतात, तशी आजच्या फराळाला पहाटे चार वाजता उठून ज्यांनी चकल्या तळल्या त्यांचीही कोठेतरी यावीत. मी यादी करून आणली आहे. सतरा नावे आहेत. कोणाचे राहिले असेल तर आत्ताच सांगावे, मागाहून जिन्यात सांगू नये!

आणखी एक. ज्यांच्या घरी सासू, आजी, आत्या असतील, त्यांनी या आठवड्यात त्यांच्याजवळ बसून एकच विचारावे, "तुम्हाला हाताने काय करता येते?" आणि त्या "मला काय येतंय" असे म्हणतील, ते खरे मानू नये. त्या तसे म्हणणारच. मीही म्हणत होते.

जात्यावरची बाई आज मी बरोबर आणली आहे. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवली आहे. कार्यक्रम संपल्यावर बटण दाबून पाहावी. मुलांनी हात लावला तरी चालेल, मात्र वायर ओढू नये. तिच्यापुढे चिठ्ठी आहे. ती माझ्या मुलीने लिहिली आहे, तिच्यावर आम्हा दोघांची नावे आहेत, आणि आत्याबाईंचेही आहे. 'एक पाय पसर, एक दुमड' हे त्यांनी सांगितले नसते, तर ती बाई अजून पडतच राहिली असती.